झाड तिथंच होतं

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, पाणीपुरवठ्याची सूचना आणि साखर कारखान्याची सर्वसाधारण सभा यांच्या मधल्या फटीत, अधूनमधून एक बातमी येते : अमुक जंगलात झुडपाची नवी जात सापडली. सोबत फोटो असतो. फोटोत हिरवी पानं, त्यांच्यामागे आणखी हिरवी पानं, आणि या सगळ्यातलं नवं नेमकं कोणतं हे वाचकानं आपापल्या श्रद्धेनं ठरवायचं. मी ही बातमी कधी सोडत नाही. आणि वाचली की दर वेळी मला त्या झुडपाच्या बाजूनं बोलावंसं वाटतं.

कारण ते नवं नसतंच. त्याच उतारावर, त्याच ओढ्याच्या काठी त्याच्या कितीतरी पिढ्या गेलेल्या असतात. त्याची फळं कधी पिकतात ते पाखरांना ठाऊक असतं, माकडांना पाखरांच्या आधी ठाऊक असतं, आणि जवळच्या पाड्यावरच्या एखाद्या आजीला त्याच्या सालीचा काढा कशावर द्यायचा तेही बहुधा ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते छापील कागदाला. तेव्हा ‘नवी जात सापडली’ याचा सरळ अर्थ एवढाच, की आम्हांला यायला उशीर झाला. शास्त्रज्ञ तसं लिहीत नाहीत. उशीर झाला असं लिहून अनुदान मिळत नसावं.

हा उशीर जुना आहे आणि कधीकधी तो फार थाटामाटात साजरा झालेला आहे. सतराव्या शतकात कोचीनच्या डच गव्हर्नरानं, हेंड्रिक व्हान रीडनं, मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्टुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. १६७८ ते १६९३ या काळात तो अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. माहिती कुणाची? इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याची, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तिघा कोकणी वैद्यांची. या तिघांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र ग्रंथात छापलेलं आहे. पुढं लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्या ग्रंथाचा भरपूर आधार घेऊन झाडांना लॅटिन नावं दिली आणि युरोपला ती झाडं सापडली. आपले भट-पंडित तोवर त्यांचे काढे उकळून, रोगी बरे करून, दक्षिणा घेऊन मोकळे झाले होते.

झुडपांच्या या बातम्यांत एका कुलाचं नाव वारंवार येतं : मिर्टेसी. ते दिसलं की डोळा आपोआप पुढच्या ओळीवर घसरतो. हे नाव मिर्टलवरून, आणि मिर्टल हे भूमध्य समुद्राकाठचं झुडूप. आपल्या परसात त्याचा पत्ता नाही. मराठी विश्वकोशानं मात्र या कुलाला ‘जंबुल कुल’ म्हटलं आणि एका झटक्यात परकी माणसं घरची झाली. जांभूळ यातलं, पेरू यातला. उन्हाळ्यात फळवाल्याच्या हातगाडीवर दिसणारे पांढरे-गुलाबी जाम यातले. मसाल्याच्या डब्यातली लवंग, सर्दी झाली की रुमालावर शिंपडायचं निलगिरीचं तेल, सोसायटीच्या फाटकापाशी लाल तुरे लोंबवत उभा असलेला बॉटलब्रश, हे सगळे एकमेकांचे सख्खे-चुलत. साडेपाच हजारांच्या वर जाती, बहुतेक उष्ण प्रदेशातल्या, दक्षिण अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात तर झुंडीनं. इतक्या मोठ्या घरात पंगतीला कोण बसलं आणि कोण राहिलं याचा हिशेब चुकणारच.

नातं तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, हे या कुलाचं मोठेपण. पेरूचं पान चुरगळून नाकाशी धरावं. मग एक न चुरगळलेलं पान उन्हाकडे धरून पाहावं. बारीक बारीक ठिपके दिसतात, त्यांतून उजेड येतो. त्या तेलाच्या ग्रंथी. वास सगळा तिथून. जांभळाच्या किंवा निलगिरीच्या पानात पाहिलं, तर कडेपासून जरा आत, कडेला समांतर धावणारी एक शीर दिसते. फुलात पाकळ्यांना फारशी किंमत नाही, सगळा डामडौल पुंकेसरांचा; बॉटलब्रशचा लाल रंग हा पाकळ्यांचा नव्हेच. फळाच्या डोक्यावर फुलाचा सुकलेला मुकुट तसाच राहतो. पेरू खाताना आपण तो कडक भाग चाकूनं उडवतो, तो हाच.

पण सगळ्यात मजा लवंगेची. एक लवंग कोमट पाण्यात चांगली भिजवावी आणि तिचं वरचं बोंड नखानं अलगद उघडावं. चार पाकळ्या एकमेकींवर घट्ट मिटलेल्या असतात आणि आत पुंकेसरांची गर्दी, अजून वाकलेली, बाहेर पडायची वाट पाहणारी. म्हणजे मसालेभातात दाताखाली आल्यावर ज्याच्या नावानं आपण तोंड वाकडं करतो, ते एक न उमललेलं फूल असतं. वनस्पतिशास्त्राचा एवढा धडा प्रत्येक घरात फुकट मिळतो, आणि नंतर ती लवंग आमटीत टाकता येते. फार थोड्या शास्त्रांत ही सोय आहे.

आता नव्या जातीचं वर्णन कसं करतात ते पाहू, कारण मला खरी गोडी त्या वर्णनाची आहे. त्यात क्रियापदं नसतात. ‘झुडूप, उंची दोन ते तीन मीटर. कोवळ्या फांद्या लवदार. पानं समोरासमोर, देठ आखूड, पातं लंबवर्तुळाकार, टोक निमुळतं, वरून तुकतुकीत, खालून फिकट.’ हे वाचलं की मला वधूवर सूचक मंडळाच्या वहीतली स्थळं आठवतात. उंची आहे, वर्ण आहे, बांधा आहे, घराणं आहे, मूळ गाव आहे. केसांबद्दल तर मंडळापेक्षा जास्तच चौकशी : लव बारीक की राठ, मखमली की लोकरी, सरळ उभी की अंगाला चिकटलेली, फक्त शिरेवर की सगळीकडे, आणि पान जून झाल्यावर टिकते की गळते. फरक एका ठिकाणी आहे. मंडळाच्या वहीत चष्मा असला तरी ‘चष्मा नाही’ लिहितात. इथं पानाच्या पाठीवरचा चामखीळसुद्धा मिलिमीटरात मोजून मांडलेला असतो. शिवाय एक परिच्छेद खास तुलनेसाठी असतो : ही जात अमुक जातीसारखीच, पण तिच्याहून देठ आखूड आणि फुलं कमी. सख्ख्या बहिणीशी तुलना करून दिलेलं स्थळ कुठल्या मंडळानं छापलं असतं?

हे सगळं लॅटिनमध्ये लिहावं लागे. १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत नियमच होता, की नव्या वनस्पतीचं वर्णन किंवा निदान वेगळेपणा सांगणारा मजकूर लॅटिनमध्ये असला पाहिजे, नाहीतर नाव ग्राह्य नाही. त्यामुळे जगात असे विद्वान तयार झाले, ज्यांना लॅटिनमध्ये साधा चहा मागता आला नसता, पण पानाच्या पाठीवरची लव कशी आहे ते बिनचूक सांगता यायचं. २०१२ पासून इंग्रजी चालतं आणि छापील कागदाऐवजी संगणकावरची आवृत्तीही चालते. काम सोपं झालं, यात शंका नाही. तरी ज्या भाषेत आता कुणी भांडत नाही त्या भाषेत झाडांबद्दल लिहिण्यात एक सभ्यपणा होता, असं माझं आपलं मत.

वर्णनाबरोबर पुरावा लागतो. फांदी तोडायची, जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची, कोपऱ्यात चिठ्ठी : कुठं, कधी, कुणी. अशा कागदांची कपाटंच्या कपाटं म्हणजे हर्बेरियम. लंडनजवळच्या क्यू इथं असे सत्तर लाखांहून जास्त कागद आहेत. आपल्याकडे मुंबईत झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचं आहे. नव्या जातीसाठी यातला एकच कागद निवडून त्याला ‘होलोटाइप’ ठरवतात. जंगलात त्या जातीची हजार झुडपं डोलत असोत, वाद झाला की निकाल त्या वाळक्या फांदीवर. जिवंत झाडांना या खटल्यात साक्ष देता येत नाही.

आणि माझ्या उशिराच्या सिद्धान्ताला सगळ्यात मोठा आधार याच कपाटांनी दिला आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असं दिसलं, की नव्या म्हणून वर्णन झालेल्या वनस्पतींपैकी फक्त सोळा टक्के जातींचं वर्णन पहिला नमुना गोळा केल्यापासून पाच वर्षांच्या आत झालं होतं. जवळजवळ पाव जातींचे नमुने पन्नास वर्षांहून जास्त काळ पडून होते. अजून वर्णन व्हायच्या जाती अंदाजे सत्तर हजार, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक कधीच गोळा होऊन कुठल्यातरी कपाटात वाट पाहत असाव्यात, असंही त्या अभ्यासकांनी म्हटलं. म्हणजे ‘घनदाट जंगलात सापडलेली’ जात पुष्कळदा तिसऱ्या मजल्यावरच्या चौथ्या कपाटात सापडलेली असते. शोधयात्रेला गमबूट लागत नाहीत, किल्ली लागते. ती ज्यांच्याकडे असते ते गृहस्थ जेवायला गेलेले असतात.

उशिराला एकटा आळस जबाबदार नाही. जंबुल कुलातली झुडपं ओळखायला विलक्षण चिवट. सगळ्यांची पानं साधी, अखंड कडेची, एकसारखी हिरवी. फरक फुलांत आणि फळांत, आणि ती एका वेळी मिळतील तर शपथ. मार्चमध्ये फूल मिळालं की फळासाठी पुन्हा जूनमध्ये या, तेव्हा नदीला पूर. पेरूच्या आणि युजेनिया या प्रजातीच्या नातलगांत तर बी फोडून आतल्या गर्भाची घडी कशी आहे ते पाहावं लागतं. एवढं करून फळ पिकेपर्यंत थांबावं, तर वर उल्लेख केलेली माकडं आहेतच.

मोठ्या माणसांचीही इथं तारांबळ उडाली आहे. आपल्या जांभळाचंच पाहा. १७५३ मध्ये लिनियसनं त्याला मिर्टस क्युमिनाय म्हटलं. १७८९ मध्ये लामार्कनं युजेनिया जंबोलाना केलं. १९१२ मध्ये स्कील्स नावाच्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञानं सिझिजियम क्युमिनाय केलं आणि सध्या तेच चालू आहे. औषधांच्या जुन्या पुस्तकांत अजून युजेनिया सापडतं. होमिओपॅथीच्या बाटलीवर सिझिजियम जंबोलॅनम असं चौथंच काहीतरी असतं. खाणारे मात्र कधी गोंधळले नाहीत. राय जांभूळ कोणतं आणि लेंडी जांभूळ कोणतं हे कोकणातलं शेंबडं पोरसुद्धा लांबून सांगतं, आणि पुरावा म्हणून जीभ दाखवतं.

लवंगेची हकिकत याहून रंगतदार. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सव्हॉयचा राजपुत्र युजीन हा ऑस्ट्रियाचा नामांकित सेनापती होता. तुर्कांशी लढून नाव मिळवलेला. मिकेली या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याच्या सन्मानार्थ एका प्रजातीला युजेनिया नाव दिलं. पुढं लवंगेचं झाडही काही काळ युजेनियात मोडत होतं, म्हणून लवंगेच्या तेलातल्या मुख्य घटकाचं नाव पडलं युजेनॉल. मग शास्त्रज्ञांनी लवंगेला तिथून उठवून सिझिजियममध्ये बसवलं. युजेनॉल मात्र तसंच राहिलं, कारण रसायनशास्त्रज्ञ दुसऱ्यांच्या घरातल्या भांडणात पडत नाहीत. त्यामुळे आज दाढ ठणकते म्हणून आपण दातांच्या दवाखान्यात जातो, तिथं दारातच जो उग्र वास येतो, तो एका ऑस्ट्रियन सेनापतीच्या नावाचा असतो. तोफा ओढून बेलग्रेड जिंकणाऱ्याला कुठं ठाऊक होतं, की आपली कीर्ती शेवटी दाढेच्या खड्ड्यात भरली जाणार आहे.

इथवर हा उशीर हसण्यावारी नेता येतो. क्वीन्सलँडमध्ये मात्र तो अंगाशी आला आहे.

ऑस्ट्रेलियाच्या या ईशान्येकडच्या राज्यात, बर्नेट भागातल्या वर्षावनात याच कुलातलं एक मध्यम चणीचं झाड आहे. झुडपात धरावं की झाडात, असा प्रश्न पडेल इतपतच ते वाढतं. प्रजाती ऱ्होडॅम्निया, या प्रजातीच्या पानात बुडापासून निघालेल्या तीन ठळक शिरा असतात. २०२०च्या सुमारास त्याची पाहणी झाली, तेव्हा त्याला शास्त्रीय नावही नव्हतं. पुढच्या पाच वर्षांत दर दहातलं एक झाड मेलं आणि उरलेल्यांतल्या एकालाही फूल किंवा फळ येत नव्हतं. क्वीन्सलँड विद्यापीठातले रॉड फेन्शॅम आणि त्यांचे सहकारी या झाडांच्या मागं आहेत. नाव ठरलं ते असं : ऱ्होडॅम्निया झोंबी. जिवंत आहे, उभं आहे, पण पुढं काही नाही.

कारण एक तांबेरा. गव्हावरच्या तांबेऱ्याच्या जातकुळीतली बुरशी, पण हिला जंबुल कुलाचीच चटक. तिचं पहिलं वर्णन १८८४ मध्ये ब्राझीलमधल्या पेरूवरून झालं; तिच्या शास्त्रीय नावात पेरू अजून आहे. दक्षिण अमेरिकेत तिच्यात आणि तिथल्या झाडांत जुनी तडजोड असावी, कारण तिथली झाडं तिला निभावून नेतात. २००५ मध्ये ती हवाई बेटांवर पोचली, २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात. तिथल्या झाडांना ती नवीन. पालवी फुटली की पिवळीधमक भुकटी पडते, कोंब जळतो; झाड पुन्हा पालवी काढतं, ती पुन्हा जळते. जून पानांना ती फारसं करत नाही, म्हणून झाड दिसायला हिरवं राहतं आणि आतून शिल्लक खर्च करत बसतं. शेकडो जातींवर ती जगते, आणि ऑस्ट्रेलियातल्या वर्षावनातल्या सोळा-सतरा जाती एका पिढीत नाहीशा होतील अशी भीती आहे. लक्षात घ्या, या बुरशीला मात्र उशीर झालेला नाही. झाडाचं बारसं व्हायच्या आधी ती हजर होती.

अशा झाडाचं वर्णन लिहिणाऱ्याच्या टेबलाशी मी मनानं बऱ्याचदा जाऊन बसतो. पानाची लांबी, देठाची जाडी, केसांची दाटी, सगळं नेहमीसारखंच. फुलाचा रकाना आला की काय करायचं? समोरच्या झाडाला फुलायला सवडच मिळत नाही, म्हणून जुने नमुने शोधायचे, तांबेऱ्याच्या आधीचे. मगाशी ज्यांची चेष्टा केली ती कपाटं इथं उपयोगी पडतात. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी तोडून, वर्तमानपत्रात दाबून विसरलेली फांदी. एवढं मोजमाप करून नाव दिलं की झाड वाचतं असंही नाही. पण ज्याला नाव नाही ते संकटग्रस्त जातींच्या यादीत चढायला अडचण येते, आणि यादीत नाही त्याच्यासाठी पैसे मागायला जायचं कुणाच्या तोंडानं? सरकारी कागदाला ‘ते तिकडचं तीन शिरांचं’ एवढ्यावर सही करता येत नाही. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. रेशनकार्डाच्या रांगेत आपण शिकलो आहोत.

नाव मिळालं आहे आणि माणसंही कामाला लागली आहेत. जंगलातल्या झाडांचे कोवळे कोंब तोडून आणायचे, त्यांच्यावरचा तांबेरा घालवायचा, त्यांना मुळं फुटेपर्यंत जपायचं आणि बुरशीपासून दूरच्या रोपवाटिकांत वाढवायचं. कोंब दिसला रे दिसला की तांबेरा त्यावर बसतो, तेव्हा हे काम किती नाजूक असेल ते उघड आहे. तरी काही रोपं धरली आहेत. अपेक्षा अशी, की ती मोठी होतील, फुलतील, बी धरतील, आणि पुढच्या पिढीतल्या एखाद्या रोपात या तांबेऱ्याला दाद न देण्याची थोडीफार ताकद निघेल. तेवढा वेळ मिळवायचा, इतकाच सध्या बेत.

समजा, तो साधला. शंभर वर्षांनी बर्नेटच्या जंगलात ही झाडं पुन्हा दाट झाली, पाखरं फळांवर तुटून पडली. तर नाव बदलता येईल का? येणार नाही. वनस्पतींच्या नामकरणाचा नियम या बाबतीत कडक आहे : नाव शोभत नाही एवढ्या कारणावरून ते रद्द होत नाही. लिनियसनं सिला पेरुव्हियाना असं नाव दिलेलं एक निळं फूल आहे. ते पोर्तुगाल-स्पेनकडचं, पेरू देशाशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण अडीचशे वर्षं होऊन गेली तरी ते पेरुव्हियानाच. ऱ्होडॅम्नियाचंही तसंच होईल. टवटवीत, फळांनी लगडलेलं झाड, आणि खाली पाटी : झोंबी. सहलीला आलेली पोरं मास्तरांना विचारतील, सर, याला असं नाव का? आणि मास्तरांना ते सांगायला बराच वेळ लागेल.